एका शब्दाची फोड

तुम्ही माझ्या आईला तापानं मारलंत, आणि तो ताप मूळ शब्दात नव्हताच.

हे वाक्य सोमाजीच्या डोक्यात सबंधच्या सबंध उतरलं तेव्हा तो जुन्नरच्या चर्चमध्ये मागून तिसऱ्या बाकावर बसला होता. दुपारच्या फेरीला जायचं म्हणून अंगात खाकी होती, मांडीवर तिकिटांची पेटी होती, आणि पुढं पुण्याहून आलेले पाहुणे बोलत होते. पाहुणे डॉक्टर होते, पण औषधपाण्याचे नव्हेत, धर्मशास्त्राचे. माणूस चांगला दिसत होता, आवाज मऊ, चष्मा पुसायची सवय. २००२ सालच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार, म्हणून त्यांना पश्चात्ताप हा विषय दिलेला. ते म्हणाले, "आता हा आपला शब्दच घ्या. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे मेटानोइया. मेटा म्हणजे नंतर, किंवा पालटून. नूस म्हणजे मन. मन पालटणं, तोंड दुसरीकडं वळवणं. त्यात जळणं, पोळणं, ताप असलं काही नाही. आपल्याकडं भाषांतरात पश्चात्ताप आलाय. पण असू द्या, रूढ शब्द आहे." आणि त्यांनी पान उलटलं. असू द्या. या दोन शब्दांनी सोमाजीला धक्का बसला, तोही केवढासा, ड्रायव्हरनं मध्येच ब्रेक दाबला की दांडीला धरलेल्या हाताला बसतो तेवढा. बाकीची मंडळी तशीच बसून होती. कुणी डुलकी घेत होतं, कुणी पदरानं वारा घेत होतं. सोमाजीचा हात मात्र ताणलेलाच राहिला. तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे त्याला त्या घटकेला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. समोर खुर्चीत हात जोडून बसलेले पाळकसाहेब, त्यांच्या शेजारचे पंच, त्यांच्या मागचं मिशन, त्याच्याही मागं कुठल्यातरी बंगल्याच्या पडवीत पंख्याखाली बसून कुण्या मुनशीला विचारून हा शब्द कागदावर उतरवणारा कुणीतरी. सगळे मिळून तुम्ही. ज्यांना असू द्या म्हणता येतं ते सगळे.

आईचं नाव धोंडाबाई. तिचं माहेर खोडदचं, हिंदू, घरात खंडोबाचा टाक. लग्न होऊन जुन्नरला आली तेव्हा सासऱ्यानं तिला मिशनच्या टाकीत बुडवून आणलं आणि ती ख्रिस्ती झाली. त्याचं तिला दुःख नव्हतं. येशूला ती आमचा देव म्हणायची आणि खंडोबाला माझ्या भावाचा देव, आणि या दोन वाक्यांत भांडण आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. भाऊ एकच, कुशाबा. तो १९९५ साली पोटाच्या दुखण्यानं गेला. जाताना त्यानं बहिणीचा हात धरून म्हटलं होतं, चांगदेवाच्या लग्नाचं जागरण व्हईल तवा माझ्या जागी तू उभी ऱ्हा. चांगदेव त्याचा मुलगा. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, खोडदला जागरण झालं, वाघ्यांनी डफ-तुणतुणं लावलं, आणि धोंडाबाई भावाच्या जागी उभी राहिली. भंडारा उधळला तो तिच्या डोक्यावर पडला, आणि एक बोट भरून तिनं आपण होऊन कपाळाला लावला. एवढंच. जुन्नरला परत येताना तिच्या केसांत हळद राहिली होती, ती रविवारी चर्चमध्ये कुणालातरी दिसली. पुढच्या प्रभुभोजनाला, सगळी मंडळी येशूच्या आठवणीची भाकर घेते तेव्हा, पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढं नेलं. शेजारणीला दिलं, हिला दिलं नाही. सोमाजी तेव्हा शेजारच्याच बाकावर होता. आईचा पुढं केलेला हात त्यानं पाहिला. तो हात तिनं लगेच मागं घेतला नाही. ताट दोन माणसं पुढं जाईपर्यंत तो तसाच उघडा राहिला, मग तिनं त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू त्यासाठीच हात काढला होता.

उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांच्या पुढं उभी राहिली. "साहेब, मी काय करू?" पाळकसाहेब वाईट बोलले नाहीत. ते कधीच वाईट बोलत नाहीत. ते म्हणाले, "धोंडाबाई, तुम्हांला पश्चात्ताप झाला पाहिजे. झाला की मंडळीपुढं उभं राहून सांगा." ती म्हणाली, "आन न्हाई झाला तर?" ते म्हणाले, "प्रभूजवळ मागा. तो देतो." सोमाजीला वाटलं मिटलं. चार दिवस जातील, आई उभी राहून दोन वाक्यं म्हणेल, ताट पुन्हा तिच्यासमोर थांबेल. पण चार दिवस गेले, पावसाळा गेला, आणि ती काही उभी राहिली नाही. दर भोजनाला ताट पुढं जायचं. मग दसऱ्याच्या सुमारास ती खोडदला आठ-दहा दिवस राहून आली, आणि आल्यावर रविवारी मंडळीपुढं उभी राहिली. डोळे लाल, ओठ सुकलेले, बाकाला धरून उभी. म्हणाली, "आला, साहेब. आला मला." पाळकसाहेब म्हणाले, "देवाची स्तुती असो," आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. त्या दिवशी तिला भाकर मिळाली. सोमाजी त्या रविवारी नाशिकच्या गाडीवर होता. तो घरी आला तेव्हा ती दोन वाकळी पांघरून पडली होती आणि अंगाला हात लावता येत नव्हता. "डाक्टर आणू का?" "नगं रं. ह्यो त्यो ताप न्हाई. ह्यो साहेबांनी सांगितलेला ताप हाय. पश्चा-ताप." असं फोडून म्हणाली आणि हसली. त्याला वाटलं वाताच्या भरात बोलतेय. त्यानं डॉक्टर आणला, डॉक्टरनं टायफॉइड सांगितला, आतडं गेलंय म्हणाला, एवढे दिवस गोळी कशी दिली नाही म्हणून सोमाजीच्याच अंगावर ओरडला. तीन दिवसांत ती गेली. आणि ही गोष्ट घरात तेव्हापासून एका अडाणी बाईची चूक म्हणून राहिली. पाहुण्यारावळ्यांत निघायची, सगळे हळहळायचे, एखादा तोंड फिरवून हसायचाही. बिचारीला शब्दच कळला नाही. साहेब म्हणाले पश्चात्ताप, हिनं ऐकला ताप. सहा वर्षं सोमाजीनं हे असं ऐकून घेतलं होतं. आता पुण्याचा एक मऊ आवाजाचा माणूस सांगत होता की अडाणी बाईनं ऐकला तो ताप शब्दात खराच आहे, कुणीतरी घातलेला आहे, आणि घालायची काही गरज नव्हती.

उपासनेनंतर चहा होता. सोमाजीनं पेटी खांद्याला अडकवून डॉक्टरांना गाठलं. "सलाम. मघाचा शब्द परत एकदा सांगता का?" डॉक्टरांना आनंद झाला, खेड्यात शब्द विचारणारं कुणी भेटतं कुठं. त्यांनी बशीतल्या चहात बोट बुडवून टेबलावर दोन तुकडे काढून दाखवले. "मेटा. नोइया." सोमाजी म्हणाला, "मेटा म्हणजे नंतर. मग पश्चात् बरोबरच आहे की. पश्चात् म्हणजे नंतरच." डॉक्टर थांबले. चष्मा काढून पुसला. "हो. खरंय. पश्चात् बरोबर आहे." "म्हणजे अर्धा शब्द बरोबर आणला, आणि दुसरा अर्धा, जिथं मन होतं तिथं ताप ठेवला." "तसं नाही म्हणता येणार. संस्कृतात तो जोडशब्द आधीपासून होता, त्यांनी तयार उचलला." "पण मन होतं." "होतं." "आणि ताप म्हणायला ग्रीकांकडं दुसरा शब्द नव्हता?" डॉक्टर आता जरा सावध झाले. "तापाचा असा नाही. पण मागाहून मनाला लागणं, हळहळ, पस्तावणं, त्याला वेगळा शब्द आहे. मेटामेलोमाय. यहूदानं येशूला धरून दिल्यावर त्याला झालं ते. तिथं मेटानोइया घातलेला नाही. मराठीत यहूदा पस्तावला म्हटलंय, म्हणजे तोही पश्चात्तापच." "मग यहूदाचं आणि आमचं एकच का करून ठेवलंत?" डॉक्टर हसले, आजूबाजूला पाहिलं, म्हणाले, "मी नाही हो केलं," आणि कुणीतरी त्यांना बिस्किटं घेऊन आलं.

दुपारी गाडी जुन्नर डेपोतून सुटली. नारायणगाव, मग खोडद. सोमाजी तिकिटं फाडत होता, पंच मारत होता, सुट्टे मागत होता, आणि त्याच्या तोंडात तो शब्द चिंचोक्यासारखा फिरत होता. मेटानोइया. त्याला तो आवडला होता, हेच त्याला सहन होत नव्हतं. किती सरळ शब्द. मन पालटणं. त्यात रडणं नाही, उभं राहून सांगणं नाही, कुणाच्या पुढं हात जोडणं नाही. माणूस चालला होता इकडं, वळला तिकडं. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट घेऊन बायका चढल्या, टपावर क्रेट आपटल्याचे आवाज झाले, कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर, घंटी मारा की राव, टमाटी पिकून गळाया लागली." त्यानं दोरी ओढली. खोडदच्या आधी त्या दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसायला लागतात, शेताशेतांतून उभ्या, आभाळाकडं तोंड केलेल्या. त्या वळत होत्या. सगळ्या एकदम, सावकाश, कुणी ढकललं नसताना, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. सोमाजीनं हे शंभरदा पाहिलं होतं. आज त्याला वाटलं, एवढंच सांगायचं होतं त्यांना. एवढंच. तोंड वळव. त्यासाठी आगीची काय गरज होती? ज्यानं हा शब्द आमच्यासाठी निवडला त्याला आमचं मन दिसलंच नसावं. त्याला अंग दिसलं. अंग पोळल्याशिवाय हे लोक वळायचे नाहीत असं त्याला वाटलं असणार. बैलाला पराणी टोचतात तसं. नाहीतर मन हा शब्द मराठीत नव्हता काय? अख्ख्या मराठीत दुसरं आहे काय? मनात आलं, मनावर घेतलं, मन धजेना, मन मोडलं, मनातल्या मनात. एवढा मुबलक शब्द दारात पडलेला असताना तुम्ही जाऊन ताप उचललात. आणि ती माझी आई, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शब्द ऐकता येत होता. तुम्ही शब्दात ताप ठेवलात, तिला तो सापडला. यात तिची चूक कोणती?

आणि तो शब्द तिच्या उरावर होता. तिच्या दगडावर. क्रूस कोरलेला काळा दगड, त्याखाली नाव, आणि नावाखाली पाळकसाहेबांनी सांगितलेली ओळ, पश्चात्ताप पावून प्रभूमध्ये निजली. चर्चची दफनभूमी लहान आहे, तिथं प्रभुभोजनात घेतलेल्या लोकांनाच पुरतात, आणि ती भोजनात परत आली होती हे सगळ्यांना कळावं म्हणून ती ओळ. तेव्हा सोमाजीला त्यात उपकारच वाटले होते. तो दगड कासमनं खोदला होता. जुन्नरच्या बाजारपेठेतून खाली उतरलं की त्याचं पत्र्याचं शेड आहे, तिथं तो हिंदूंच्या देवळांच्या पाट्या, मुसलमानांच्या कबरीवरची नावं आणि ख्रिस्त्यांचे क्रूस एकाच टाकीनं खोदतो. सोमाजी दुसऱ्या दिवशी तिथं गेला. "कासमभाय, एक शब्द काढायचाय." कासमनं तोंडातली बिडी बाजूला धरली. "कुटला?" "पश्चात्ताप." "काढून ठेवायचा कुटं?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मग गंभीर झाला. "ऐक सोमा. दगडावरचा एक शब्द काडता येत न्हाई. अक्षर जेवडं खोल, तेवडी आख्खी पाटी खाली न्यावी लागते. न्हाईतर तिथं खड्डा दिसंल आन जो यील तो इचारंल, हितं काय व्हतं. मंजे तुज्या अम्माचं नाव बी जाणार. सगळं साफ करून परत नवं खोदायचं. चालंल?" "चालेल." "पंचांची परवानगी आन. न्हाईतर उद्या म्हंतील, कासमनं खिस्त्यांचा क्रूस फोडला. मला हितं ऱ्हायचंय, बाबा."

पंचांची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली. पाळकसाहेब होते, आणि चिटणीस सावळेराम. त्यांची नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोची आडत आहे, त्यामुळे ते देवाच्या कामातही भाव पाडून बोलतात. "सोमाजीभाऊ, दगड बसून सहा वर्सं झाली. आत्ता काय आठवलं?" "शब्द चुकीचा आहे." "पश्चात्ताप चुकीचा? मग आख्खं शास्त्रच चुकीचं म्हना की." "एकच शब्द म्हणतोय." "कंडक्टरसाहेब, तुमचा पंच येगळा, आमी पंच येगळं. तुमी तिकिटाला भोकं पाडा, शास्त्राला कशाला पाडताय?" खोलीत हशा झाला. सोमाजीनं हसणाऱ्यांकडं पाहिलंच नाही. तो पाळकसाहेबांकडं बघत होता. पाळकसाहेब म्हणाले, "सोमाजी, तुमच्या आईची साक्ष सगळ्या मंडळीनं ऐकली आहे. ती शांतीनं गेली." "तिला टायफॉइड होता, साहेब. तुम्ही तिच्या हातावर भाकर ठेवलीत. हात गरम लागला नाही?" पाळकसाहेबांनी पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाले, "लागला." "मग?" "मला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील." सोमाजीला एकदम वाटलं की या माणसाच्या बोटांना चटका बसला होता, खराखुरा चटका, आणि त्या बोटांनी तो शब्दासाठी सोसला. इतका त्याचा शब्दावर विश्वास. त्याला शिवी द्यायची होती, पण तोंडात आली ती शिवी नव्हती. "मूळ ग्रीकमध्ये ताप नाही. मन पालटणं आहे. तुमचेच डॉक्टर सांगून गेले." सावळेराम काहीतरी बोलणार होते, पण पाळकसाहेबांनी हात वर केला. कदाचित त्यांनाही ती बोटं आठवली असतील. ते म्हणाले, "ठीक आहे. मन पालटून प्रभूमध्ये निजली, असं घाला. अर्थ तोच आहे." आणि सोमाजी जिंकला. खोलीबाहेर येऊन त्यानं बूट घातले तेव्हा आपण जिंकलो आहोत हे त्याला अंगात कुठंच जाणवत नव्हतं. अर्थ तोच आहे. मग सहा वर्षं ताप का ठेवला होता?

कासमनं काम सुरू केलं. त्या आठवड्यात सोमाजीची ड्यूटी खोडदच्याच गाडीवर होती, आणि एका सकाळी परतीच्या फेरीला खोडदच्या थांब्यावर सारजाबाई चढली. सारजाबाई म्हणजे त्याची मामी, कुशाबाची बायको, चांगदेवाची आई. दात गेलेले, आवाज खणखणीत. दवाखान्यात निघाली होती. तिनं कंडक्टरच्या शेजारची जागा धरली आणि तिकीट काढायला कमरेची पिशवी सोडायला लागली. "राहू दे मामी, मी काढतो." "काढ बाबा, सरकारचाच हाय तू." गाडी रिकामी होती. सोमाजीनं तिला दगडाचं सांगितलं. ग्रीकचं सांगितलं, तापाचं सांगितलं, मन पालटून घालणार आहेत तेही सांगितलं. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. पुढून ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी तुला असं वाटतंय का, धोंडावन्संला त्यो शबूद कळला न्हाई?" "कळला असता तर गोळी नसती घेतली?" सारजाबाईनं खिडकीबाहेर बघितलं. "आरं, ती आमच्याकडंच पडली व्हती की तापानं. मी म्हनलं, दवाखान्यात चला. तर म्हंती कशी, थांबा वयनी, ह्यो ताप मला रैवारपतूर टिकवायचाय. मी म्हनलं, येड लागलं का? तर हासाया लागली. म्हनली, साहेब म्हंत्यात पश्चात्ताप झाल्याबिगर भाकर न्हाई. मी लई हुडकला, वयनी. रोज आत हात घालून बघती. काय सापडत न्हाई. भावाच्या जागी उभी ऱ्हायले त्याचं मला बरंच वाटतंय, वाईट वाटतच न्हाई, काय करू? देवाच्या घरात उभं ऱ्हाऊन खोटं कसं बोलू? पन त्यांच्या शबदात ताप हाय आन माज्या अंगात बी ताप हाय. मी एवडंच म्हननार, आला. कशाला खोटं व्हतंय ते? बसतंय की बराबर. आमी लई हासलो, सोमा. पोट धरून हासलो. माझं मेलीचं मी बी हासले."

गाडी तबकड्यांजवळून चालली होती. आज त्या वळत नव्हत्या. सोमाजीनं कुणीही उतरणार नसताना घंटीची दोरी धरली आणि तशीच धरून ठेवली. म्हणजे ती चुकली नव्हती. ती बिचारी नव्हती. सहा वर्षं पाहुण्यांनी जिची हळहळ केली ती कुणी दुसरीच होती. ही बाई हसत होती. तिनं शब्दाची फोड केली होती, डॉक्टरांच्या आधी सहा वर्षं, चहात बोट न बुडवता, आणि दोन तुकड्यांतला जो द्यायला परवडत होता तो दिला होता. ताप घ्या. मन मिळणार नाही. ते जिथं आहे तिथं आहे, कपाळाला हळद लावून भावाच्या जागी उभं. त्याला आठवलं, तिनं त्याच्याशी बोलताना ते दोन तुकड्यांत म्हटलं होतं, पश्चा आणि ताप, आणि हसली होती. त्यानं त्याला वात म्हटलं. आणि आता त्यानं काय केलं होतं? तिनं खोटं न बोलता आत शिरावं म्हणून त्या चुकीच्या शब्दात एक फट होती. पंख्याखाली बसलेल्या त्या कुणीतरी अजाणता ठेवलेली एवढीशी फट. त्या फटीतून ती जीव देऊन गेली होती. सोमाजीनं ग्रीकचा दाखला देऊन, भांडून, जिंकून ती फट बुजवली होती. मन पालटून निजली. हेच तर तिनं केलं नव्हतं. जे तिनं मरणाच्या तापातही उच्चारलं नाही ते तो तिच्या उरावर खोदून घेत होता. आधीचा शब्द चुकीचा होता आणि दगडावर खरा होता. आताचा शब्द बरोबर होता आणि दगडावर खोटा. राग कमी होईल असं त्याला वाटलं होतं, तर रागाला एक जागाच उरली नव्हती, तो सगळीकडं झाला होता. "काय रं, झोपला का?" मामी म्हणाली. "दोरी सोड. आलं नारायणगाव."

जुन्नरला उतरून तो तसाच दफनभूमीत गेला. कासम दगडापुढं उकिडवा बसला होता. पाटी साफ झाली होती. क्रूस राहिला होता, त्याखाली काही नाही, नाव नाही, साल नाही, नुसता टाकीनं मारलेला खरबरीत काळा दगड, नुकत्याच कापलेल्या केसांसारखा. "आलास? ओळ सांग, खडूनं आखून घेतो." "नुसतं नाव घाल." "आन खालचं?" "काय नाही." कासमनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग खडू कानावर ठेवला. "तुजा सावळेराम येऊन गेला मघाशी. त्यानं बजावून सांगितलंय, ओळ पायजे. म्हन्ला, नुसतं नाव टाकलं तर उद्या कुनी बी इचारंल, ही बाई भोजनात परत आली याचा पुरावा काय. भाईर काढलेल्यांना हितं जागा न्हाई. ओळ न्हाई तर दगड बी न्हाई." त्यानं बिडी पेटवली. "काय केलं व्हतं रे तुज्या अम्मानं?" सोमाजीनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. पाळकसाहेबांनी नाही, पंचांनी नाही, डॉक्टरांनी नाही, त्यानं स्वतःनंही नाही. सगळे शब्दालाच धरून बसले होते. पश्चात्ताप झाला का, आला का, ग्रीकमध्ये काय म्हणतात, ताप की मन. कशाचा, हे कुणाच्या तोंडून आलंच नव्हतं. "भावाच्या जागी उभी राहिली," तो म्हणाला. कासम वाट बघत राहिला. "आन?" "एवढंच." "एवडंच?" कासमनं धूर सोडला, आणि दगडावरची भुकटी हातानं झटकत म्हणाला, "मग खोदायचं काय त्यात?"

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. सोमाजी खाकीतच गेला, पण तिसऱ्या बाकावर बसला नाही. पाळकसाहेबांनी पापांगीकाराची प्रार्थना सांगितली, आणि मग नेहमीप्रमाणे म्हणाले, "ज्यांना खरा पश्चात्ताप झाला आहे त्यांनी जवळ यावं." मंडळीत खोकल्याचा, पदरांचा, चपला सरकवल्याचा आवाज झाला. तेव्हा सोमाजी उभा राहिला. आई उभी होती म्हणून सांगत त्याच जागी, पुढून दुसऱ्या बाकाच्या कडेला, त्याच लाकडाला धरून. लाकूड तिथं घासून गुळगुळीत झालं होतं. सावळेराम मान वळवून बघायला लागले. "बसा, सोमाजी," पाळकसाहेब म्हणाले, "भोजनानंतर बोलू." आवाज नेहमीसारखाच होता, वाईट नव्हता. सोमाजीला त्यांच्या हातातलं ताट दिसत होतं आणि ताटाखालची बोटं दिसत होती.

"बसत नाही, साहेब," तो म्हणाला. "दगड कोरा आहे. तुम्ही म्हणाल ती ओळ मी खोदून घेतो, ताप म्हणा, मन म्हणा, माझं भांडण नाही. माझ्या आईला ताप होता, तो तिनं तुम्हांला दिला. तुम्ही हातात घेऊन बघितलात. मन तिनं दिलं नाही, ते तिच्याजवळच राहिलं. आता आधी एवढं सांगा. मरत्या भावानं हात धरून मागितलं आणि बहीण त्याच्या जागी उभी राहिली. तिनं मन पालटायचं होतं ते कशापासून? आणि पालटून तोंड कुणीकडं करायचं होतं?" पाळकसाहेबांनी पुस्तकावर हात ठेवला, पान चाळण्यासाठी असेल, किंवा नुसताच आधाराला.

"पुस्तक नको, साहेब. ग्रीक पण नको. मराठीत सांगा."